आधी संपवा, मग सुचवा

मोबाइल पालथे ठेवा आणि ऐका. आजचा तास धड्याचा नाही.

अकरावीतल्या एका लेकरानं तुमच्यापैकी एकाला विचारलं, "दादा, पोकेमॉन लई आवडला, तसला अजून एखादा जुना आरपीजी सांग ना." दादानं त्याला मेमरी कार्ड काढून दिलं. त्यात हजाराच्या वर गेम, आणि सोबत एकच वाक्य, "सगळे भारी आहेत, बघ तुझं तू." लेकरानं रोज रात्री पाच-सहा गेम उघडले, थोडे थोडे पाहिले, बंद केले. आता ते सांगत फिरतंय की जुने गेम बोअर असतात. त्याचं हे मत तुम्ही घडवलंत. म्हणून आज बोलणी तुम्हाला खायची आहेत, त्याला नाही.

तुम्ही स्वतःला या खेळांचे शौकीन म्हणवता. गेमबॉयपासून पीएसपीपर्यंतची नावं तुम्हाला पाठ आहेत. पण कुणी शिफारस मागितली की तुमच्या तोंडून फक्त यादी निघते. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. परगावाहून पहिल्यांदा आलेल्या माणसाला त्या मधोमध उभं करून "जा कुठंही, सगळीकडं दुकानंच आहेत" असं सांगणाऱ्याला आपण वाटाड्या म्हणत नाही. तुम्ही तेच करता आणि वर उपकार केल्याचा आव आणता.

आधी हे ओळखा की तुम्हाला विचारतंय कोण. अहमदपूर, उदगीर, मुखेड, कंधार, देगलूर इथून लेकरं लातूरला नाहीतर नांदेडला येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा खातात. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, रात्री टेस्ट सिरीजचे पेपर. त्यातून उरलेला अर्धा तास त्यांचा स्वतःचा. तुम्ही याच खोल्यांतून वर आलात, तुम्हाला हे मी सांगायला नको. त्या अर्ध्या अर्ध्या तासांतून कुणी तुमच्या शब्दावर चाळीस तास घालणार असेल, तर तो शब्द देण्याआधी तुम्ही दोन मिनिटं तरी विचार केला पाहिजे. तेवढाही करत नाही.

आता सांगा, 'गोल्डन सन' तुमच्यापैकी कितीजणांनी शेवटापर्यंत खेळलाय? सुचवता तर सगळेच. कारण विचारलं तर "त्या काळाच्या मानानं ग्राफिक्स भारी" यापुढं तुमची गाडी जात नाही. २००१ साली गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेला हा गेम कॅमलॉट या जपानी कंपनीचा. त्याचं मोठेपण ग्राफिक्समध्ये शोधू नका. बहुतेक आरपीजींत मंत्रशक्ती लढाईपुरती असते, लढाई संपली की ती पोतडीत जाते. इथं तीच शक्ती घेऊन तुम्ही गावांतून आणि गुहांतून फिरता. खांब सरकवायचा, वेल वाढवून कड्यावर चढायचं, डबकं गोठवून त्याचा बर्फाचा खांब करायचा, समोरच्या गावकऱ्याच्या मनात काय आहे ते वाचायचं. मग जिन्न आहेत, पृथ्वी, अग्नी, वारा आणि पाणी यांचे. पहिल्या भागात ते २८ आहेत. कुणाला कोणता जिन्न दिला यावरून त्या पात्राचा वर्गच बदलतो. लढाईत जिन्न वापरला की तुमची ताकद तेवढ्यापुरती घटते, पण वापरलेले जिन्न एकत्र करून मोठा वार करता येतो. प्रत्येक वेळी हिशेब करावा लागतो. ज्याला कोडी सोडवायला आवडतात, गणितात ज्याचं डोकं चालतं, त्याच्यासाठी हा गेम आहे. हे तुम्ही सांगितलं पाहिजे.

त्याच्या खोडीही सांगितल्या पाहिजेत. संवाद फार लांबवलेत. सुरुवातीला बराच वेळ नुसतं बटण दाबत वाचत बसावं लागतं. दुसरं म्हणजे गोष्ट अर्ध्यावर थांबते. उरलेली गोष्ट २००२ च्या दुसऱ्या भागात आहे, आणि ती पहिल्या भागात ज्यांचा पाठलाग केला त्यांच्या बाजूनं सांगितली आहे. पहिल्या भागातली कमाई दुसऱ्यात न्यायची तर केबल जोडायची, नाहीतर दोनशेहून जास्त अक्षरांचा पासवर्ड हातानं भरायचा. तुमच्यातल्या एकानं एकाला थेट दुसरा भाग दिला, का तर "तो नवा आहे". ज्यानं गेम संपवलाय त्याच्या हातून ही चूक होऊच शकत नाही. म्हणून तुमचं अज्ञान लगेच उघडं पडतं.

जे संपवलं नाही ते सुचवू नका. निदान संपवलं नसेल तर तसं तोंडावर सांगा, "अर्धाच खेळलोय, तिथवर आवडला." त्यात कमीपणा नाही. न खेळता ठासून सांगण्यात आहे.

आता भाषेकडं या. हे खेळ मराठीत नाहीत, त्यामुळे समोरच्याचं इंग्रजी कसं आहे हे विचारणं तुमचं पहिलं काम. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, मराठी माध्यमात दहावी केलेल्या पोराच्या हाती तुम्ही 'फायनल फँटसी टॅक्टिक्स: वॉर ऑफ द लायन्स' ठेवलात. २००७ साली पीएसपीवर आलेल्या त्या आवृत्तीचं इंग्रजी मुद्दाम जुन्या, दरबारी वळणाचं केलेलं आहे. इंग्रजी माध्यमाची मुलं तिथं अडखळतात. ते पोरगं दोन लढायांनंतर गप्प झालं आणि आपल्यालाच अक्कल नाही असं धरून बसलं. त्याला अक्कल भरपूर आहे. चुकीचं पुस्तक पुढ्यात टाकणारे तुम्ही.

त्याला 'पोकेमॉन गोल्ड' किंवा 'सिल्व्हर' द्यायचा होता. १९९९ चे गेम, सोपी छोटी वाक्यं, आणि कार्ट्रिजच्या आत चालणारं घड्याळ. खेळात रात्र झाली की वेगळे पोकेमॉन निघतात, वार बदलला की वेगळी घटना घडते. असं पोरगं रोजच्या दोन-चार वाक्यांतून इंग्रजी उचलतं आणि घाबरत नाही. तिथून पुढं 'फायर एम्ब्लेम'. या मालिकेचा जपानबाहेर अधिकृतपणे आलेला पहिला गेम २००३ चा, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचा. त्यात लिन नावाच्या मुलीच्या कथेतून एकेक नियम हाताला धरून शिकवतात. मालिका नव्या खेळाडूंपुढं प्रथमच जात होती, म्हणून त्यांनी पायऱ्या केल्या. ते गेम बनवणारे हजारो मैलांवरच्या अनोळखी खेळाडूचा विचार करतात आणि तुम्ही शेजारच्या खोलीतल्या मित्राचा करत नाही.

आणि 'फायर एम्ब्लेम' देताना हातात सेव्ह स्टेटचं बटण देऊ नका. त्या खेळात सैनिक मेला की मेला, पुढच्या अध्यायात तो परत येत नाही. त्यामुळेच एक घर पुढं सरकायच्या आधी खेळाडू थांबतो, शत्रूची पोच मोजतो. प्रत्येक चालीनंतर सेव्ह करून, चुकलं की मागं जाऊन तुम्ही तो विचारच काढून टाकता. फास्ट फॉरवर्डचंही तेच. "चारपट वेगानं खेळ, पटकन संपतो" हा सल्ला तुम्ही कामून देता? पटकन संपवायची एवढी घाई असेल तर खेळूच नका.

आता ज्या गेमबद्दल मला तुमचा सर्वांत जास्त राग येतो त्याबद्दल. 'टॅक्टिक्स ओगर'. मुळात १९९५ चा, यासुमी मात्सुनो यांचा, २०१० मध्ये पीएसपीसाठी नव्यानं बांधलेला. तुम्ही त्याची ओळख करून देता ती "बुद्धिबळासारखी लढाई" म्हणून. वालेरिया नावाच्या बेटांवर राजा मेल्यावर जमाती एकमेकांवर उठतात. नायक एका जमातीचा, तरुण, सूडानं पेटलेला. पहिल्या अध्यायाच्या शेवटी त्याला वरून एक आदेश येतो. तो पाळायचा की नाकारायचा हे खेळाडूनं ठरवायचं, आणि तिथून गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी जाते. पाळणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, नाकारणाऱ्यालाही. तो आदेश काय आहे ते मी सांगणार नाही. तुम्हीही सांगायचं नाही. तुमच्यातल्या एकानं गेम देता देताच ते सांगून टाकलं, आणि समोरच्याचा तो निर्णय कायमचा हिरावून घेतला.

हा खेळ आपल्या मुलुखात सुचवताना तुमच्या डोक्यात काहीच कसं येत नाही? नांदेड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं लातूर, दोन्ही निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला हे तुम्ही दर वर्षी झेंडावंदनाला उभं राहून ऐकता. कुणाच्या घरी रझाकारांच्या भीतीनं गाव सोडून रानात काढलेल्या रात्री आजीच्या तोंडून अजून निघतात. कुणाच्या घरी पोलीस कारवाईनंतर आपल्याच गावात जे भोगावं लागलं त्याबद्दल आजोबा अजून बोलत नाहीत. शेजारी शेजाऱ्यावर उठला म्हणजे काय होतं आणि "आपल्या बाजूसाठी" केलेलं कृत्य माणसाला कुठं नेतं, हाच त्या खेळाचा विषय आहे. इतिहास मनापासून वाचणारा एखादा पोरगा, एखादी पोरगी तुमच्यासमोर आली तर त्यांना हा खेळ द्या. सांगा की इंग्रजी जड आहे, सावकाश चाल, डिक्शनरी जवळ ठेव, पण सोडू नको. समोरचा माणूस आणि खेळ यांची अशी गाठ घालता आली तरच तुमच्या शौकाला अर्थ आहे.

वेळेचंही भान ठेवा. नीट मे महिन्यात असते. मार्चमध्ये रिपीटरच्या हातात 'पर्सोना ४ गोल्डन' देणाऱ्याला मी मित्र मानत नाही. २०१२ साली प्लेस्टेशन व्हीटावर आलेला तो खेळ उत्तम आहे. छोट्या गावातल्या शाळेत वर्षभरासाठी आलेला मुलगा, कॅलेंडरचा एकेक दिवस, संध्याकाळी अभ्यास करायचा की मैत्री जपायची की खुनांचा माग काढायचा. लातूरच्या क्लासमधल्या पोरांना तो आपलाच वाटेल. पण त्याला सहज साठ-सत्तर तास लागतात, आणि तो हातातून सुटत नाही. परीक्षा झाल्यावर, जूनमध्ये द्या. तोवर गप्प बसा.

मुलींना तर तुम्ही विचारतच नाही. त्यांच्यासमोर चर्चा निघाली की आवाज खाली आणता. पोकेमॉनमध्ये २००० च्या 'क्रिस्टल'पासून मुलगी होऊन खेळता येतं, 'पर्सोना ३ पोर्टेबल'मध्ये २००९ साली मुलीच्या बाजूनं खेळायची वेगळी वाटच लिहिली. बनवणाऱ्यांना जे वीसेक वर्षांपूर्वी कळलं ते तुम्हाला अजून कळत नसेल तर लाज वाटू द्या.

आपण राहतो कुठं याचाही विचार शिफारशीत असावा लागतो. पहिले पोकेमॉन, 'रेड' आणि 'ग्रीन', २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानात आले तेव्हा गेमबॉय जवळपास सात वर्षांचा झाला होता. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, आणि दोन गेमबॉय जोडणाऱ्या केबलमध्ये त्यांना अदलाबदलीची शक्यता दिसली. म्हणून एका कार्ट्रिजमध्ये सगळे पोकेमॉन मिळतच नाहीत, आणि कडाब्रासारखे काही जण दुसऱ्याला दिल्याशिवाय उत्क्रांत होत नाहीत. हे आधी सांगा. एकट्यानं खेळणारं पोरगं कडाब्राची लेव्हल वाढवत वाढवत रात्री जागतं आणि तुम्ही मजा बघत बसता. 'ड्रॅगन क्वेस्ट ९' बद्दलही हेच. जपानात रस्त्यावरून जाता-येता एकमेकांचे डीएस आपोआप जोडले जात, अनोळखी माणसांकडून नकाशे मिळत. नांदेडच्या वजिराबादमधल्या गर्दीत तसा दुसरा डीएस सापडणार नाही. एकट्यानंही तो गेम चांगलाच आहे, पण काय मिळणार नाही ते सांगून द्या.

अगदी जुन्यातलं हवं असेल कुणाला, तर गेमबॉयवरचा पहिला आरपीजी १९८९ चा 'सागा', अकितोशी कावाझू यांचा, बाहेर 'फायनल फँटसी लेजंड' नावानं गेला. माणसाची ताकद विकत घेतलेल्या औषधांनी वाढते, म्युटंटची लढता लढता आपोआप बदलते, राक्षस मांस खाऊन दुसरा राक्षस बनतो. हत्यारं वापरून झिजतात आणि तुटतात. यातलं काहीही खेळ स्वतः समजावून सांगत नाही. म्हणजे नवख्याला हा द्यायचाच नाही, मुरलेल्याला द्यायचा.

आणि कारण देत चला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवत होते, पुढं तिथंच प्राचार्य झाले. मराठी कादंबरीवर त्यांनी 'धार आणि काठ' लिहिलं. एखादी कलाकृती आवडली तर का आवडली, खटकली तर कुठं खटकली, हे समोरच्याला पटो न पटो, पण मुद्द्यांनिशी मांडायचं, ही शिस्त त्यांनी या गावाला लावली. त्याच गावात तुम्ही "लई भारी" आणि "एकदम बकवास" या दोन शब्दांवर भागवता. गेम हा लहान विषय आहे असं समजून कुणी सुटका करून घेऊ नका. ज्या गोष्टीवर तुम्ही आयुष्याचे शेकडो तास दिलेत तिच्याबद्दल चार सरळ वाक्यं बोलता आलीच पाहिजेत.

मेमरी कार्डांबद्दलही स्पष्ट बोलतो. ज्यांनी हे खेळ रात्रंदिवस राबून केले त्यांना काहीच न देता हजार खेळ वाटणं हा दानधर्म नव्हे. जे सरळ मार्गानं मिळतं ते त्याच मार्गानं घ्यायला सांगा. 'सागा'चे गेमबॉयवरचे तिन्ही भाग २०२१ पासून फोनवर एकत्र मिळतात. 'क्रोनो ट्रिगर' फोनवर आहे. 'टॅक्टिक्स ओगर रीबॉर्न', 'पर्सोना ४ गोल्डन', 'पर्सोना ३ पोर्टेबल', 'ट्रेल्स इन द स्काय' स्टीमवर आहेत, आणि सेलमध्ये बरेच स्वस्त होतात. 'एट्रियन ओडिसी' २०२३ मध्ये स्टीमवर आला. मूळ डीएसवर चक्रव्यूहाचा नकाशा खालच्या पडद्यावर स्वतःच्या हातानं काढायचा असे, भूगोलाच्या पोरांनी तो जरूर खेळावा. निन्टेन्डोनं भारतात नीट बस्तान कधी बसवलं नाही, त्यामुळे त्यांचे जुने खेळ मिळवणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण जुनं कार्ट्रिज घ्यायला सांगताना बाजारात नकली किती आहेत हेही सांगा. 'गोल्ड-सिल्व्हर'च्या अस्सल कार्ट्रिजमधलीसुद्धा बॅटरी एवढ्या वर्षांत बहुधा संपलेली असते, ती बदलली नाही तर सेव्ह टिकत नाही. 'मदर ३' सुचवणार असाल, आणि सुचवावा असाच तो आहे, तर तो २००६ साली फक्त जपानीत निघाला आणि इंग्रजीत अधिकृतपणे आजवर आलेला नाही, हे लपवू नका. पैसाच माहीत नसलेल्या गावात पैसा आला की गाव कसं बदलतं, याची गोष्ट शिगेसातो इतोई यांनी त्यात सांगितली आहे.

तुमच्या आईबापांना गेम म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक, २०२० च्या सप्टेंबरात बंदी आलेला पबजी. दुसरी, पैसे लावायचे ते अ‍ॅप, ज्यांत घरं बुडाली आणि ज्यांच्याविरुद्ध २०२५ मध्ये केंद्राला कायदा करावा लागला. हे जुने खेळ त्या जातीचे नाहीत. ते एकदा घेतले की पुन्हा खिशात हात घालत नाहीत, मधेच जाहिरात दाखवत नाहीत, आणि त्यांना शेवट असतो. जुन्या पोकेमॉनमध्ये नाण्यांच्या जुगाराचं एक दुकान आहे. तिथं खरा पैसा लागत नाही, पण लहान भावंडाला देताना तेही आईला सांगा. हा फरक घरच्यांना समजावून सांगण्याची कुवत फक्त तुमच्यात आहे, आणि तुम्ही मात्र हजार गेमांचं कार्ड वाटून त्यांचा संशय पक्का करता.

यापुढं कुणी विचारलं तर आधी त्याला विचारा: वेळ किती आहे, परीक्षा कधी, इंग्रजी कसं, हातात फोन आहे की दुसरं काही, आणि शेवटची कोणती गोष्ट मनाला लागली होती. मग एकच गेम सांगा. तो का, हेही सांगा. आठवड्यानं स्वतः जाऊन विचारा कुठवर आलास, अडलं असेल तिथं बसा त्याच्याजवळ. तो संपेपर्यंत दुसरं नाव काढायचं नाही. ज्याला हे जमणार नाही त्यानं शिफारस करू नये.